जिवाणूंच्या साहाय्याने मातीतील विषारी धातू खरोखर नाहीसे होतात का?

बांधावरून (प्रश्न)

नमस्कार. आमच्या शेतजमिनीच्या वरच्या अंगाला पूर्वी धातूंच्या भागांवर मुलामा देण्याचा एक लहान कारखाना होता. तो बंद होऊन बरीच वर्षे लोटली आहेत, परंतु त्याचे सांडपाणी ज्या चरातून वाहत असे, तो चर आमच्या खालच्या तुकड्याला लागूनच जातो. त्या तुकड्यात पीक नेहमीच खुरटलेले राहते. पाणी, खत, बियाणे यांत काही उणे नाही अशी खात्री झाल्यावर मी तेथील माती तपासून घेतली. अहवालात क्रोमियम, कॅडमियम आणि शिसे हे तिन्ही धातू वरच्या तुकड्यातील मातीपेक्षा कितीतरी अधिक आढळले आहेत.

ही माहिती आसपास कळल्यानंतर एक विक्रेता माझ्याकडे आला. त्याच्याकडे जिवाणूंचे द्रवरूप कल्चर आहे. ते पाण्यात मिसळून जमिनीवर फवारले की जिवाणू विषारी धातू खाऊन टाकतात आणि तीन महिन्यांत जमीन शुद्ध होते, असे तो सांगतो. सांडलेले तेल खाऊन टाकणाऱ्या जिवाणूंविषयी मी पूर्वी वाचले होते, त्यामुळे हे अशक्य आहे असे मला ठामपणे म्हणता येत नाही. तरीही मन घेत नाही. तेल जळते, कुजते, हे समजू शकते. पण जिवाणूने शिसे खाल्ले, तर ते शिसे पुढे जाते कोठे? जिवाणू मेल्यावर ते पुन्हा मातीतच येणार नाही काय?

जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. जिवाणूंचा हा उपयोग शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालेला आहे का, तिन्ही धातूंना तो सारखाच लागू पडतो का, जिवाणू बाहेरून आणून सोडावे लागतात का, आणि काम झाले की नाही हे माझ्यासारख्याने ओळखावे कसे, हे मला समजून घ्यायचे आहे. या तुकड्यात खाण्याचे पीक घेणे मी सध्या थांबवले आहे.

मृदासूक्ष्म (उत्तर)

आपण शेवटी विचारलेला प्रश्न, म्हणजे शिसे जाते कोठे हा, या संपूर्ण विषयाचा गाभा आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. तेल हे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन यांचे संयुग असते. जिवाणू ते रेणू तोडतात, त्यातून ऊर्जा मिळवतात आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी घडवलेला आणि १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पेटंटयोग्य ठरवलेला जिवाणू हा अशा तेल पचवणाऱ्या प्रकारातला होता. धातू मात्र मूलद्रव्य आहे. त्याचा अणू कोणत्याही जिवाणूला तोडता येत नाही. त्यामुळे धातू खाऊन टाकतात हे विधान शब्दशः चुकीचे आहे. फवारणीपूर्वी आणि फवारणीनंतर मातीचा तोच नमुना तीव्र आम्लात विरघळवून एकूण धातू मोजला, तर आकडा तोच येईल.

मग जिवाणूंचा उपयोग कशात आहे? धातू कोणत्या रूपात आहे यावर त्याचे विषारीपण आणि पाण्याबरोबर वाहून जाण्याची त्याची क्षमता ठरते, आणि हे रूप बदलण्याची विलक्षण शक्ती जिवाणूंकडे आहे. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आपल्या अहवालातच आहे. मुलामा देण्याच्या टाक्यांत वापरले जाणारे क्रोमियम षट्संयुजी, म्हणजे सहा इलेक्ट्रॉन गमावलेल्या रूपातले असते. ते पाण्यात सहज विरघळते, मातीच्या कणांना फारसे चिकटत नाही, पेशींच्या आवरणातून आत शिरते आणि कर्करोगाला कारण ठरते. तेच क्रोमियम त्रिसंयुजी झाले, म्हणजे गमावलेले इलेक्ट्रॉन तीनच उरले, की सामू (आम्ल-अल्कता, pH) उदासीनतेच्या आसपास असलेल्या मातीत त्याचा हायड्रॉक्साइड तयार होतो, तो जागच्या जागी बसतो आणि त्याचे विषारीपण पुष्कळ कमी होते. षट्संयुजीचे त्रिसंयुजी होणे म्हणजे क्रोमियमच्या अणूला तीन इलेक्ट्रॉन मिळणे. हे इलेक्ट्रॉन जिवाणू देतात.

ते देतात कसे, हे समजले की पुढच्या पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन शेवटी कोणाच्या तरी हवाली करावेच लागतात, तेव्हाच श्वसन पूर्ण होते. आपण ते ऑक्सिजनच्या हवाली करतो. मातीत पाणी साचले किंवा सेंद्रिय पदार्थ भरपूर असला की ऑक्सिजन लवकर संपतो. मग जिवाणू प्रथम नायट्रेटकडे वळतात, पुढे मँगनीजच्या आणि लोहाच्या ऑक्साइडांकडे, आणि त्याही पुढे सल्फेटकडे. न्यूयॉर्क राज्यातील ओनायडा सरोवराच्या गाळातून मिळालेला आणि १९८८ साली प्रसिद्धीस आलेला शेवानेला, तसेच पोटोमॅक नदीच्या गाळातून १९८७ साली वेगळा केलेला जिओबॅक्टर हे या कलेतले निष्णात आहेत. लोहाचा ऑक्साइड घन असतो, पेशीच्या आत घेता येत नाही. म्हणून हे जिवाणू आपले इलेक्ट्रॉन पेशीच्या बाहेर नेऊन खनिजाच्या पृष्ठभागावर ठेवतात. क्रोमेट, म्हणजे पाण्यात विरघळलेले षट्संयुजी क्रोमियम, त्या परिसरात असेल, तर त्यालाही इलेक्ट्रॉन मिळतात, कधी थेट जिवाणूकडून, कधी जिवाणूने क्षपण केलेल्या, म्हणजे इलेक्ट्रॉन दिलेल्या, लोहाकडून. म्हणजेच जिवाणूंना अन्न मिळाले आणि हवा कमी झाली की क्रोमियमचे रूप बदलण्याची परिस्थिती निर्माण होते.

प्रत्यक्ष जमिनीवर हे झालेले आहे. कॅलिफोर्नियातील हिंकली या गावच्या भूजलात षट्संयुजी क्रोमियम मोठ्या क्षेत्रात पसरले होते. तेथे एकीकडे भूजलात इथेनॉल सोडून स्थानिक जिवाणूंना अन्न पुरवले गेले आणि दुसरीकडे ते दूषित पाणी उपसून लसूणघासाच्या शेतांना दिले गेले. मुळांभोवतीच्या सेंद्रिय पदार्थांनी समृद्ध मातीतून पाणी झिरपताना क्रोमियम त्रिसंयुजी होऊन मातीतच अडकते. या दोन्ही ठिकाणी बाहेरून कोणताही खास जिवाणू आणून सोडण्यावर भर नव्हता. जे आधीपासून होते त्यांनाच पोसले गेले. माझ्या मते आपल्यासाठी सर्वांत मोलाची बाब हीच आहे. एक ग्रॅम चांगल्या मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. त्या गर्दीत बाटलीतून आलेले पाहुणे बहुधा काही दिवसांतच हटतात, कारण त्यांना ती माती, तो सामू, ते शत्रू यांची सवय नसते.

विक्रेत्यांच्या बोलण्यात आणखी एक गफलत वारंवार आढळते, ती येथे नोंदवतो. धातू सहन करणारा जिवाणू आणि धातूचे रूप बदलणारा जिवाणू हे एक नव्हेत. बेल्जियममधील एका जस्त कारखान्याच्या निवळण टाकीतून १९७६ साली मिळालेला, आज क्युप्रियाव्हिडस मेटॅलिड्युरान्स या नावाने ओळखला जाणारा जिवाणू जस्त, कॅडमियम, कोबाल्ट यांच्या घातक प्रमाणातही जगतो. तो जगतो याचे मुख्य कारण, आत आलेला धातू तो पंपाने उपसावा तसा पेशीबाहेर फेकतो. त्याचा जीव वाचतो, पण धातू बाहेरच्या पाण्यात होता तेथेच परततो. त्यामुळे आमचे जिवाणू अमुक इतक्या तीव्रतेत वाढतात, एवढ्यावरून ते जमीन साफ करतात असे सिद्ध होत नाही.

आता कॅडमियम आणि शिसे. येथे क्रोमियमसारखी सोय नाही, कारण मातीत हे दोन्ही धातू द्विसंयुजी रूपातच वावरतात. संयुजा बदलून त्यांना निरुपद्रवी करता येत नाही. त्यांना अविद्राव्य क्षारात बांधणे एवढाच मार्ग उरतो. ऑक्सिजन नसलेल्या जागी सल्फेटचे क्षपण करणारे जिवाणू सल्फाइड तयार करतात आणि कॅडमियम सल्फाइड पाण्यात जवळपास विरघळतच नाही. परंतु शेतजमीन कायम पाण्याखाली नसते. भाताच्या खाचरात पाणी असेपर्यंत कॅडमियम सल्फाइडच्या रूपात पकडलेले राहते आणि कापणीपूर्वी पाणी काढून टाकले की हवा शिरते, सल्फाइडचे ऑक्सिडीकरण होते आणि कॅडमियम नेमके दाणा भरण्याच्या काळात मोकळे होते. जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यात कॅडमियममुळे इताई-इताई हा हाडे ठिसूळ करणारा रोग झाला, त्याला १९६८ साली शासनाने प्रदूषणजन्य रोग म्हणून मान्यता दिली. तेथील भातजमिनी सुधारताना भिस्त जिवाणूंवर ठेवली गेली नाही. दूषित थरावर स्वच्छ माती आणून घालण्याचे काम १९७९ पासून २०१२ पर्यंत चालले. अन्न पिकवण्याच्या जमिनीत कॅडमियम असेल, तर विचार किती गंभीरपणे करावा लागतो, हे यावरून दिसते.

शिशाची स्थिती त्या मानाने बरी आहे. ते मातीला घट्ट धरून राहते, आणि फॉस्फेट उपलब्ध झाल्यास पायरोमॉर्फाइट नावाचे अत्यंत स्थिर खनिज बनते. स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू या कामी मदत करू शकतात.

बांधावरून

आपण इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. माझा अहवाल पुन्हा काढून पाहिला. त्यात केवळ एकूण क्रोमियम असे लिहिले आहे. षट्संयुजी किती आणि त्रिसंयुजी किती, याचा उल्लेख नाही. मग माझ्याकडे असलेला आकडा कितपत उपयोगाचा आहे? आणि स्थानिक जिवाणूंना पोसायचे म्हणजे शेणखत किंवा कंपोस्ट भरपूर घालायचे, असा अर्थ मी घेतला तर तो बरोबर आहे का? सामू सुधारण्यासाठी चुना घालण्याचाही सल्ला मला मिळाला आहे.

प्रयोगशाळेतून (उत्तर)

मी मातीचे व पाण्याचे विश्लेषण करण्याचे काम करतो, म्हणून तपासणीपुरते लिहितो.

आपला आकडा निरुपयोगी नाही, तो अपुरा आहे. एकूण धातूचा आकडा प्रदूषण आहे एवढे सांगतो. धोका किती आहे हे सांगत नाही. षट्संयुजी क्रोमियमसाठी माती अल्कधर्मी द्रावणात ९० ते ९५ अंश सेल्सिअसला तासभर तापवून वेगळा अर्क काढावा लागतो. अर्क आम्लधर्मी करून त्यात डायफेनिलकार्बाझाइड घातले की षट्संयुजी क्रोमियम असल्यास जांभळट गुलाबी रंग उमटतो आणि त्याची तीव्रता ५४० नॅनोमीटरला मोजतात. त्रिसंयुजी क्रोमियम हा रंग देत नाही, म्हणून दोन्ही रूपे वेगळी करता येतात.

या चाचणीचा नमुना उन्हात वाळवून, कुटून, चाळून आणू नये. एरवीच्या माती परीक्षणाची ती सवय येथे नडते, कारण वाळवताना क्रोमियमचे रूप बदलू शकते. ओलसर माती तशीच बंद बरणीत भरून, थंड ठेवून, शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावी. चराजवळचा, तुकड्याच्या मधला आणि दूरच्या बांधाजवळचा नमुना एकत्र मिसळू नये. अशा जमिनीत प्रदूषण पट्ट्यापट्ट्यांनी पसरलेले असते आणि मिसळलेल्या नमुन्यात ते लपून जाते. वरच्या थराचा नमुना आणि हात-दीड हात खोलीचा नमुना हेही वेगळे ठेवावेत.

कॅडमियम आणि शिसे यांच्यासाठी टप्प्याटप्प्याने अर्क काढण्याची पद्धत आहे. टेसिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली मांडलेल्या या पद्धतीत धातू पाच हिश्शांत मोजला जातो: मातीच्या कणांवर सैल चिकटलेला, कार्बोनेटांशी बांधलेला, लोह व मँगनीजच्या ऑक्साइडांत अडकलेला, सेंद्रिय पदार्थ व सल्फाइडांत धरलेला आणि खनिजाच्या गाभ्यात कायमचा बसलेला. पहिला हिस्सा पिकाला सर्वांत सहज मिळतो. जिवाणूंचा उपाय लागू पडला आहे असे म्हणायचे असेल, तर एकूण आकडा तोच राहूनही पहिला हिस्सा घटलेला आणि पुढचे हिस्से वाढलेले दिसले पाहिजेत. आपल्या विक्रेत्याला हाच प्रश्न विचारावा: तीन महिन्यांनी कोणत्या हिश्शात किती बदल दिसेल आणि तसे तो लेखी देईल का?

आणखी एक अनुभव सांगतो. मी एकदा क्रोमेट मिसळलेल्या मातीच्या दोन बाटल्या लावल्या होत्या. दोन्हींत सारखेच पाणी आणि थोडी उसाची मळी घातली होती. एका बाटलीतील माती आधी दाबयंत्रात तापवून निर्जंतुक केली होती. सुरुवातीला दोन्हींचे पाणी स्वच्छ पिवळे होते. जिवंत मातीच्या बाटलीत पिवळेपणा दिवसागणिक उतरत गेला, शेवटी तळाला करडा थर आणि वर बिनरंगी पाणी राहिले, आणि त्या पाण्यात डायफेनिलकार्बाझाइड घातल्यावर गुलाबी छटासुद्धा आली नाही. निर्जंतुक बाटलीही थोडी फिकी झाली होती, कारण मळी आणि मातीतला सेंद्रिय पदार्थ जिवाणूंशिवायही काही क्रोमियम बदलतात. या दुसऱ्या बाटलीशिवाय कोणी जिवाणूंच्या यशाचा दावा करत असेल, तर त्यातला जिवाणूंचा वाटा किती, हे कळायला मार्ग नाही. हा प्रयोग आपल्याच मातीवर एखाद्या प्रयोगशाळेकडून करून घेता येतो, आणि जमिनीवर काहीही ओतण्यापूर्वी तो करावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

जलस्रोत (उत्तर)

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु धातू जागेवरून हलतच नाही असा समज होऊ नये म्हणून थोडी भर घालतो. मातीत फवारून तो हलत नाही हे खरे. पण पाणी किंवा उकरलेली माती यांच्यातून जिवाणूंच्या मदतीने धातू खरोखर बाहेर काढता येतो. नेदरलँड्समधील बुडेल येथील जस्त शुद्धीकरण प्रकल्पात १९९२ पासून सल्फेट क्षपण करणाऱ्या जिवाणूंच्या टाक्यांतून दूषित भूजल शुद्ध केले गेले. तेथे धातूंचे सल्फाइड गाळाच्या रूपात वेगळे होतात आणि तो गाळ पुन्हा धातू काढण्यासाठी वापरता येतो. कॅनडात निकेल रिम या खाणीच्या परिसरात १९९५ साली भूजलाच्या वाटेत कंपोस्ट आणि लाकडाच्या चिपा भरलेली सुमारे १५ मीटर लांबीची झिरपती भिंत जमिनीत उभारण्यात आली. पाणी त्या भिंतीतून पुढे सरकताना आतले जिवाणू सल्फाइड तयार करतात आणि धातू भिंतीतच अडकतात. आपल्या प्रश्नात चराचा उल्लेख आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले. चरातून किंवा त्याखालून आजही धातूमिश्रित पाणी येत असेल, तर शेतात काहीही केले तरी नवी भर पडतच राहील. प्रथम ती वाट अडवली पाहिजे.

याच्या अगदी उलट स्वभावाचे जिवाणूही आहेत. ॲसिडिथायोबॅसिलस गटातले जिवाणू गंधकापासून सल्फ्युरिक आम्ल बनवतात आणि मातीतील धातू विरघळवतात. उकरलेली माती बंद टाकीत त्यांच्याकडून धुऊन घेता येते. मात्र अशी धुतलेली माती आम्लाने जळालेली, अन्नद्रव्ये गमावलेली असते; पुन्हा पिकाऊ करण्यासाठी तिच्यावर पुष्कळ मेहनत घ्यावी लागते. उघड्या शेतात हा प्रयोग कोणी सुचवला, तर कृपया ऐकू नका, कारण सुटा झालेला धातू सरळ विहिरीकडे जाईल.

माझा खरा आग्रह मात्र वेगळ्या गोष्टीसाठी आहे. कंपोस्ट घालण्यापूर्वी पारा आणि आर्सेनिक ही दोन विषारी मूलद्रव्ये आपल्या मातीत नाहीत ना, याची खात्री करून घ्यावी. आर्सेनिकच्या बाबतीत जिवाणूंचा श्वास आपल्याला अपायकारक ठरतो. क्रोमियमचे क्षपण झाले की ते जागेवर बसते. आर्सेनिकचे क्षपण झाले की ते अधिक विषारी आणि अधिक चंचल होते. शिवाय ते ज्या लोहाच्या ऑक्साइडाला चिकटलेले असते, तो ऑक्साइडच जिवाणू विरघळवतात. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या त्रिभुज प्रदेशातील कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक येण्यामागे हीच प्रक्रिया मुख्य आहे असे मानले जाते. हिंकलीतसुद्धा इथेनॉल सोडलेल्या पट्ट्यात मँगनीज आणि आर्सेनिक मोकळे होत नाहीत ना, यावर लक्ष ठेवावे लागले.

पाऱ्याकडे दोन्ही बाजूंनी पाहावे लागते. कित्येक जिवाणूंकडे पाऱ्याच्या आयनाला मूळ पाऱ्यात बदलणारे विकर (एन्झाइम) असते आणि तो पारा वाफ होऊन निघून जातो. जर्मनीतील संशोधकांनी २००० च्या सुमारास कारखान्याच्या सांडपाण्यासाठी अशा स्यूडोमोनास जिवाणूंची ७०० लिटरची टाकी चालवली आणि त्यातील ९७ टक्के पारा टाकीतच अडकवून दाखवला. बंद टाकीत हे उत्तम आहे. उघड्या जमिनीत पारा फक्त मातीतून हवेत जाईल. दुसरीकडे, सल्फेटचे आणि लोहाचे क्षपण करणारे काही जिवाणू पाऱ्याला मिथाइल गट जोडतात. त्यासाठी लागणारी दोन जनुके २०१३ साली ओळखली गेली. मिथाइल पारा हे जपानमधील मिनामाता येथे शेकडो कुटुंबे उद्ध्वस्त करणारे विष आहे. ज्या परिस्थितीत क्रोमियम शांत होते, त्याच परिस्थितीत पारा अधिक घातक होऊ शकतो. म्हणून जिवाणू चांगले की वाईट, असा सरसकट प्रश्न येथे विचारता येत नाही. कोणता धातू, हे आधी विचारावे लागते.

मृदासूक्ष्म

आर्सेनिकचा मुद्दा मी पहिल्या उत्तरात लिहायला हवा होता. तो राहून गेला ही माझी चूक आहे. चुन्याविषयीही आपल्या प्रश्नाचे उत्तर बाकी आहे. चुन्याने सामू वाढतो आणि कॅडमियम व शिसे अधिक घट्ट धरले जातात, हे खरे आहे. परंतु सामू वाढला की क्रोमेट मातीच्या कणांवरून सुटते आणि त्याचे क्षपणही मंदावते. स्फुरदाचेही तसेच आहे: ते शिशाला बांधते, पण आर्सेनेट (आर्सेनिकचे ऑक्सिजनयुक्त रूप) आणि क्रोमेट यांना त्यांच्या जागेवरून ढकलते. म्हणून क्रम महत्त्वाचा ठरतो. षट्संयुजी क्रोमियम आढळल्यास प्रथम सेंद्रिय पदार्थ आणि ओलावा देऊन ते संपवावे, पुन्हा मोजून खात्री करावी आणि त्यानंतरच चुना किंवा स्फुरद यांचा विचार करावा. षट्संयुजी मुळीच नसेल, आणि सेंद्रिय कर्ब चांगला असलेल्या जुन्या जमिनीत तसे असण्याचा संभव पुष्कळ आहे, तर जिवाणूंनी ते काम आपल्या नकळत केव्हाच उरकलेले असेल. अशा वेळी आपली खरी काळजी कॅडमियमची आहे.

केलेले काम किती टिकते, हाही प्रश्न आहे. कोलोरॅडोतील रायफल येथे युरेनियमच्या जुन्या गिरणीखालच्या भूजलात २००२ साली ॲसिटेट सोडून जिओबॅक्टरला पोसण्याचा प्रयोग झाला. जिओबॅक्टर युरेनियमचे क्षपण करून ते अविद्राव्य करतो, हे त्यापूर्वी १९९१ मध्ये दाखवले गेले होते. रायफलला जिओबॅक्टरची संख्या झपाट्याने वाढली आणि काही आठवड्यांतच पाण्यातील युरेनियम लक्षणीयरीत्या घटले. पुढे मात्र त्याच्या वाट्याचे लोह संपत आले, सल्फेट क्षपण करणाऱ्या जिवाणूंनी त्याची जागा घेतली, ॲसिटेट त्यांच्याकडे जाऊ लागले आणि युरेनियमचे प्रमाण पुन्हा वर आले. जमिनीखालचे हे सत्तांतर ज्यांनी विहिरींतून दर थोड्या दिवसांनी नमुने घेतले, त्यांनाच दिसले. तीन महिन्यांनंतर कोणी मोजलेच नाही, तर पहिला उतार पाहून सगळे आनंदाने घरी जातील.

क्रोमियम युरेनियमपेक्षा स्थिर आहे. हवा लागल्याने ते सहसा परत षट्संयुजी होत नाही. परंतु मँगनीज डायऑक्साइड त्याचे ऑक्सिडीकरण करू शकतो, हे १९७९ सालीच दाखवले गेले आहे. काळपट, मँगनीजच्या गाठी असलेली माती असेल, तर वर्षातून एकदा तरी षट्संयुजीची चाचणी पुन्हा करून घ्यावी.

प्रयोगशाळेतून

एक पुरवणी. विहिरीचे पाणी तपासले नसल्यास मातीआधी ते तपासावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादा पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला कॅडमियम ३, शिसे १०, आर्सेनिक १० आणि एकूण क्रोमियम ५० मायक्रोग्रॅम अशा आहेत.

बांधावरून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या उत्तरांनंतर मी त्या विक्रेत्याला दूरध्वनी करून तीन गोष्टी विचारल्या: कल्चरमध्ये नेमका कोणता जिवाणू आहे, तो कॅडमियमचे काय करतो आणि निर्जंतुक मातीशी तुलना केलेली चाचणी त्याच्याकडे आहे का. त्याच्याकडे जिवाणू किती तीव्रतेत तग धरतो याचा एक तक्ता होता, बाकी काही नव्हते. मी त्याला नम्रपणे नकार दिला आहे.

विहिरीच्या पाण्याचा नमुना आज सकाळी दिला. चराच्या तोंडाशी, तुकड्याच्या मध्यावर आणि खालच्या बांधाजवळ अशा तीन ठिकाणी, प्रत्येकी दोन खोलींवर, ओल्या मातीचे नमुने उद्या काढणार आहे. त्यांत षट्संयुजी क्रोमियम, आर्सेनिक आणि पारा यांची वेगळी तपासणी मागितली आहे, आणि कॅडमियमचे पाचही हिस्से मोजून देण्यास प्रयोगशाळा तयार आहे. दोन बाटल्यांचा प्रयोगही ते माझ्याच मातीवर लावून पाहणार आहेत. चराच्या वरच्या तोंडाला पावसाळ्यात पाणी कोठून येते, हे वडिलांना विचारून एका कागदावर आखून ठेवले आहे. तेथे दोन वाटा एकत्र येतात, हे मला आजवर ठाऊक नव्हते. अहवाल हाती आला की आकडे याच ठिकाणी लिहीन. तोपर्यंत चुन्याची पोती गोठ्यातच राहतील.